५.५ की ६? प्लेऑफच्या सामन्यातल्या एकूण गोलांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे कॅनडात ब्रॅम्प्टनला राहतात, दोन हिवाळे झाले आईस हॉकी बघतायत. एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली मोठी आईस हॉकी लीग; तिच्या प्लेऑफमधल्या (हंगामाअखेरची बाद फेरी, आधी चार सामने जिंकेल त्याची मालिका) एका मालिकेचा सहावा सामना आहे. एका ॲपवर एकूण गोलांची रेषा ५.५ आहे, ओव्हरचा (गोल त्याहून जास्त) भाव १.८०, म्हणजे एक डॉलर लावून जिंकलात तर १.८० हातात, आणि अंडरचा (गोल त्याहून कमी) २.००. दुसऱ्या ॲपवर रेषा ६, ओव्हर २.०५ आणि अंडर १.७७. एक मित्र म्हणतो, प्लेऑफमध्ये डोळे झाकून अंडर घ्यायचा. दुसरा म्हणतो, प्लेऑफमध्ये ओव्हरटाइम संपतच नाही, गोल वाढतात, म्हणून ओव्हर घे. खरं कोणाचं?

दोघांचंही नाही. पण दुसऱ्याची चूक जास्त मजेशीर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी नऊ वर्षं एका कंपनीत हेच भाव काढायचं काम केलं, म्हणजे काउंटरच्या पलीकडच्या बाजूला होतो. आता ते सोडलंय, पण सवय सुटत नाही. गावाकडच्या कोणी विचारलं तर मी सांगतो की क्रिकेटच्या सट्ट्यात ज्याला 'सेशन' म्हणतात ना, त्याचाच हा थंड देशातला भाऊ. कोण जिंकेल याच्याशी देणंघेणं नाही. आकडा वर जाणार की खाली राहणार, एवढंच.

आता ओव्हरटाइम. साठ मिनिटं (वीस-वीसची तीन सत्रं) संपली आणि बरोबरी आहे, म्हणजे दोघांचे गोल सारखे. दोन सारख्या संख्यांची बेरीज नेहमी सम येते: ०, २, ४, ६, ८. प्लेऑफच्या ओव्हरटाइममध्ये वीस-वीस मिनिटांची सत्रं होतात, पाचास पाच खेळाडू, आणि पहिला गोल पडला की खेळ खलास. म्हणजे ओव्हरटाइम दोन मिनिटं चालो की दोन तास, त्यात एकच गोल पडतो. सम अधिक एक म्हणजे विषम. ओव्हरटाइमला गेलेल्या सामन्याची बेरीज कधीच ६ येऊ शकत नाही, ४ ही नाही. ती १, ३, ५, ७ किंवा ९ असते.

एनएचएलमधला सगळ्यांत लांब सामना १९३६ च्या मार्चमध्ये माँट्रियलला झाला. डेट्रॉइट रेड विंग्ज विरुद्ध माँट्रियल मरून्स. सहावा ओव्हरटाइम चालू होता, ११६ मिनिटांहून जास्त जादा खेळ झाला होता, तेव्हा मड ब्रुनेटोने गोल केला. निकाल १-०. जवळजवळ तीन सामन्यांएवढी हॉकी आणि बेरीज एक! २०२० च्या ऑगस्टमध्ये टँपा बे आणि कोलंबसचा सामना पाच ओव्हरटाइम चालला. कोलंबसच्या योनास कोर्पिसालोने ८५ शॉट अडवले, तो विक्रम आहे. निकाल ३-२, बेरीज पाच. २०२३ मध्ये फ्लोरिडा आणि कॅरोलायना चौथ्या ओव्हरटाइमपर्यंत खेळले, तिथेही ३-२. तेव्हा 'ओव्हरटाइम लांबला की गोल वाढतात' हे डोक्यातून काढून टाका.

यातून पैशाच्या कामाची गोष्ट निघते ती अशी. तुमची रेषा ५.५ असेल तर ओव्हरटाइमने निकालात काहीच फरक पडत नाही. २-२ असेल तर बेरीज ५ होणार, अंडर. ३-३ असेल तर आधीच सहा झालेत, ओव्हर जिंकून बसलाय. रेषा ६.५ असेल तर मात्र ३-३ ही अंडरवाल्याची फाशी आहे, फक्त दोर ओढायचा बाकी असतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ४ जून २०२५, स्टॅनले कप फायनलचा, म्हणजे एनएचएलच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना, एडमंटन विरुद्ध फ्लोरिडा. आम्ही चारजण मिसिसागाला एकाच्या बेसमेंटमध्ये बसलो होतो. एकाकडे अंडर ६.५ चं तिकीट होतं. तिसरं सत्र ३-३ वर संपलं आणि हा पठ्ठ्या टाळ्या वाजवून म्हणाला, "वाचलो रे, आता गोल होऊ देऊ नका!" ओव्हरटाइममध्ये गोलरक्षकाने शॉट अडवला की हा उडी मारायचा. वीस मिनिटांचं सत्र जवळजवळ संपत आलं, मग पॉवर प्लेवर (समोरच्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना) एडमंटनच्या लिऑन ड्रायझाइटलने गोल केला, ४-३. याचा चेहरा पडला. त्याला समजावायला मला अर्धा तास लागला की तू ओव्हरटाइममध्ये हरला नाहीस, साठाव्या मिनिटालाच हरला होतास. मधली वीस मिनिटं फुकट देव पाण्यात घातले.

(तिकीट घेण्याआधी एक बारीक अक्षर मात्र वाचा. काही तिकिटं फक्त 'नियमित वेळ', म्हणजे साठ मिनिटांपुरती असतात. तिथे ३-३ ची बेरीज सहाच राहते. दोन्ही प्रकार ॲपवर एकाखाली एक दिसतात आणि घाईत बोट चुकतं.)

आता पहिल्या मित्राकडे. 'प्लेऑफमध्ये अंडर' ही समजूत उगाच आलेली नाही. प्लेऑफमध्ये चांगलेच संघ उरतात, अंग झोकून शॉट अडवतात, लागोपाठच्या दोन रात्री सामने जवळजवळ नसतात, त्यामुळे दमलेला बचाव आणि विश्रांतीसाठी बसवलेला पहिला गोलरक्षक हे नियमित हंगामातले प्रकार दिसत नाहीत. मालिका जसजशी पुढे सरकते तसे पंच शिट्ट्या आवरत्या घेतात, असा माझाही अनुभव आहे. पण हे सगळं तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, तर भाव काढणाऱ्याला माहीत नसेल? नियमित हंगामात ज्या दोन संघांना ६.५ मिळते त्यांनाच प्लेऑफमध्ये बऱ्याचदा ६ किंवा ५.५ मिळते. तुमच्या मित्राची अक्कल त्या अर्ध्या गोलात आधीच वसूल झालेली आहे.

आणि एका सामन्याचा आकडा किती चंचल असतो ते बघायचं असेल तर २०११ ची फायनल बघा. व्हँकूवर आणि बॉस्टन, सातही सामने तेच संघ, एकीकडे रॉबर्टो लुआँगो, दुसरीकडे टिम थॉमस. बेरजा ओळीने अशा: १, ५, ९, ४, १, ७, ४. पहिला सामना १-०, तिसरा ८-१, पाचवा पुन्हा १-०. तिसऱ्या सामन्याआधी 'हे दोन गोलरक्षक भिंत आहेत' म्हणून अंडर घेणारा आणि चौथ्याआधी 'आता बांध फुटला' म्हणून ओव्हर घेणारा, दोघांनी मार खाल्ला. २०२४ मध्ये फ्लोरिडा आणि एडमंटनच्या फायनलमध्ये बेरजा ३, ५, ७, ९, ८, ६, ३ होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन संघ फायनलला, तर ७, ९, ७, ९, ७, ६. सहाच्या सहा सामने साडेपाचच्या वर! २०२४ चा सातवा सामना २-१ ने सुटलेला पाहून २०२५ ला अंडर घेत बसलेल्याचं काय झालं असेल, विचार करा.

मग आकडा काढायचा कसा? मी सांगतो ते फार शहाणपणाचं मॉडेल नाही, पण तुमच्या दोन ॲपची तुलना करायला पुरेसं आहे. एक संघ सामन्यात साधारण २८ ते ३० शॉट गोलवर मारतो आणि हल्ली गोलरक्षक साधारण दहापैकी नऊ अडवतात. म्हणजे प्रत्येकी तीनच्या आतबाहेर, दोघांचे मिळून सहाच्या आसपास. तुमच्या सामन्यासाठी साठ मिनिटांतली सरासरी ५.८ धरू. ५.८ च का, ते शेवटी कळेल. कॉलेजात प्वासाँचं वितरण (सरासरीवरून किती गोल होण्याची किती शक्यता ते सांगणारं सूत्र) शिकला असाल तर त्यात हा आकडा घाला. पाच किंवा कमी गोल होण्याची शक्यता येते साधारण ४८ टक्के, सहा किंवा जास्तची ५२.

आता यावर मघाचा सम-विषमचा नियम लावा. साठ मिनिटांत सहा गोल झाले तर दर सोळा वेळांपैकी सुमारे पाच वेळा ते ३-३ असतात, आणि ते सगळे सामने ७ वर जातात. साध्या प्वासाँत सहाचा वाटा १६ टक्के येतो, नियम लावल्यावर तो ११ वर उतरतो. पाचाचा वाटा १७ वरून २२ वर जातो, सातचा १३ वरून १८ वर. हॉकीच्या बेरजांमध्ये पाच आणि सात हे धट्टेकट्टे आकडे आणि मधला सहा हडकुळा, ते यामुळे. म्हणून रेषा ५.५ वरून ६ झाली की 'अर्धा गोल फुकट मिळाला' असं समजू नका. बरोबर सहा झाले तर पैसे परत, एवढाच तो फायदा, आणि तो शंभरात अकरा वेळा मिळतो. त्याची किंमत भावात कापलेली असते. ती जास्त कापली की कमी, हेच तपासायचं.

या साध्या गणिताचा एक कच्चा दुवा आहे, तोही सांगायला हवा. प्वासाँ समजतो की गोल सामनाभर सारख्याच वेगाने पडतात. प्रत्यक्षात शेवटची पाच-सात मिनिटं वेगळीच असतात. मागे असलेला संघ गोलरक्षकाला बाहेर काढतो आणि सहावा खेळाडू आत आणतो. जाळी रिकामी. मग इकडे बरोबरीचा गोल होतो किंवा तिकडे आघाडीवरचा संघ अर्ध्या मैदानावरून पक (हॉकीची चकती) सरकवतो. पूर्वी प्रशिक्षक शेवटच्या मिनिटाची वाट पाहायचे. पॅट्रिक रॉय २०१३-१४ मध्ये कोलोरॅडोचा प्रशिक्षक असताना गोलरक्षकाला फार लवकर काढायचा, तेव्हा लोक हसले, आता सगळेच दोन-तीन मिनिटं आधी काढतात आणि दोन-तीन गोलांनी मागे असतील तर त्याहूनही लवकर.

२०२५ च्या फायनलचा सहावा सामना याचं उत्तम उदाहरण. दोन सत्रांनंतर फ्लोरिडा ३-०. अंडर ५.५ वाला निवांत चहा टाकायला उठला असेल. हरलं तर हंगाम संपला, म्हणून एडमंटनने बरीच मिनिटं शिल्लक असतानाच गोलरक्षक बाहेर काढला. फ्लोरिडाच्या सॅम राइनहार्टने रिकाम्या जाळीत एक टाकला, मग आणखी एक. त्याचे त्या रात्री चार झाले. मग एडमंटनचाही एक पडला. निकाल ५-१, बेरीज सहा. चहा उकळेपर्यंत ओव्हर जिंकला होता.

म्हणून मी सामना बघताना आधी हे विचारायचो की तिसऱ्या सत्राच्या उत्तरार्धात धावफलक कसा दिसण्याची शक्यता आहे? दोन्ही संघ तुल्यबळ असतील आणि सामना बरोबरीत राहिला तर रिकामी जाळी नाही, उलट दोघेही धोका टाळतात आणि शेवटची दहा मिनिटं कोरडी जातात. एक संघ स्पष्ट वरचढ असेल, एक-दोन गोलांचं अंतर पडणार असेल, तर शेवटी वरचा एखादा गोल मिळण्याची शक्यता वाढते. आणि ज्याचा आज हरल्यास हंगाम संपतो तो संघ गोलरक्षक लवकर काढतो आणि सहजासहजी परत आत पाठवत नाही. तुमच्या सहाव्या सामन्यात मालिका ३-२ असणार, म्हणजे एका संघाला ते लागू आहेच. पुन्हा सांगतो, भाव काढणाऱ्यालाही हे माहीत आहे. पण ॲपवर पैसे लावणाऱ्या गर्दीपैकी बहुतेकांना नाही, आणि भाव थोडा गर्दीमुळेही हलतो.

गोलरक्षकाबद्दल फार लिहीत नाही. चार-पाच सामन्यांची अडवणुकीची टक्केवारी बघून कोणी 'तापलाय' किंवा 'ढासळलाय' असं म्हणालं तर कानाडोळा करा, एवढ्या कमी शॉटमध्ये नशिबाचा वाटा फार मोठा असतो. बघायचं ते एवढंच की आज उभा कोण राहणार. सकाळच्या सरावानंतर ते बहुधा कळतं. प्लेऑफमध्ये बदल क्वचित होतो, पण होतो तेव्हा सामन्याच्या मध्येही होतो. त्याच २०२५ च्या चौथ्या सामन्यात एडमंटन पहिल्या सत्रात ०-३ मागे पडला, गोलरक्षक स्टुअर्ट स्किनरला बसवून कॅल्विन पिकार्डला आणलं, आणि सामना ओव्हरटाइममध्ये ५-४ ने जिंकला.

पॉवर प्ले मात्र बघा. सरासरी संघ पाचात एक गोल करतो. २०२२-२३ च्या नियमित हंगामात एडमंटनने ३२.४ टक्के केला, तो लीगचा विक्रम आहे. असा संघ समोर असेल तर पंच किती शिट्ट्या मारतात यावर बेरीज सरळ हलते.

सामना चालू असताना घेतलेल्या तिकिटांबद्दल एकच वाक्य: तुमच्या फोनवरचं चित्र मैदानाच्या काही सेकंद मागे असतं आणि भाव देणारा तुमच्या पुढे, तेव्हा मी तिथे जातच नाही.

आता 'मी जिंकतोय का' हे कसं ओळखायचं. समजा दोन्ही बाजूंचा भाव १.९१ आहे. बरोबरीत राहायला तुम्हाला शंभरात ५२.४ वेळा बरोबर यावं लागतं, वरचे अडीच टक्के म्हणजे दुकानदाराची दलाली. अख्ख्या प्लेऑफमध्ये १५ मालिका असतात, म्हणजे जास्तीत जास्त १०५ सामने. प्रत्येक सामन्यावर तिकीट घेतलंत तरी शंभर तिकिटांत निव्वळ नशिबाने पाच टक्के इकडे-तिकडे होणं ही रोजची गोष्ट आहे. शंभरात ५६ बरोबर आले म्हणून स्वतःला तज्ज्ञ समजणारे मी खूप पाहिलेत. पुढच्या एप्रिलला ते गप्प असतात. त्यापेक्षा वहीत दोन आकडे लिहा: तुम्ही कोणत्या भावाला घेतलं आणि पक पडण्याच्या क्षणी भाव काय होता. तुम्ही अंडर ६ घेतला आणि बंद होताना रेषा ५.५ वर आली असेल तर, सामना हरलात तरी, खरेदी चांगली होती. हे सातत्याने उलटं होत असेल तर जिंकूनही तुम्ही महाग माल घेताय. माझ्या स्वतःच्या पहिल्या वहीत ते उलटंच होतं, आणि त्यातून बाहेर पडायला मला दोन हंगाम लागले.

पैसा किती लावायचा? हरला तर घरभाड्याला धक्का लागणार नाही असा एक वेगळा गल्ला ठेवा आणि एका तिकिटाला त्याचा शंभरावा हिस्सा. आदल्या रात्रीचं भरून काढायला आज दुप्पट लावावंसं वाटलं तर त्याच ॲपमध्ये स्वतःचं खातं ठरावीक मुदतीसाठी बंद करायची सोय असते, ती वापरा. हे मी उपदेश म्हणून नाही सांगत, माझ्या जुन्या टेबलावरून अशी खाती रोज दिसायची.

तुम्ही ऑन्टारियोत आहात. तिथे एका सामन्यावर पैज लावणं २०२१ पासून कायदेशीर आहे आणि एप्रिल २०२२ पासून खाजगी कंपन्यांचा परवानाधारक बाजार आहे, वयाची अट १९. पुण्या-नाशकाहून हे वाचणाऱ्यांसाठी चित्र वेगळं आहे. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, परदेशी ॲपही त्यात येतात. तेव्हा तिकडे पहाटे साडेपाचला उठून सामना बघा, हिशेब वहीत करा आणि तिथेच थांबा.

आता तुमचे चार भाव. सरासरी ५.८ धरून, प्रत्येकी शंभर डॉलर लावले तर लांब पल्ल्यात काय होतं? ओव्हर ५.५ ला १.८०: सुमारे सहा डॉलर जातात. ओव्हर ६ ला २.०५: साडेचार जातात, म्हणजे ओव्हरच घ्यायचा हट्ट असेल तर दुसरं ॲप. अंडर ५.५ ला २.०० आणि अंडर ६ ला १.७७: दोन्हीकडे सव्वाचार-साडेचार जातात, काही फरक नाही. ५.८ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, तुमच्या भावांमधून दलाली वजा केली की जवळपास तोच उरतो. अंडर २.०० ला परवडायचा असेल तर खरी सरासरी ५.६ च्या आसपास आहे असं तुम्हाला ठामपणे वाटायला हवं. ५.८ आणि ५.६ मधलं अंतर म्हणजे दोन्ही संघांचे मिळून साठ मिनिटांत दोन शॉट कमी. या दोन संघांनी आतापर्यंत पाच सामने खेळलेत. ते दोन शॉट कमी होण्याचं एखादं ठोस कारण तुम्हाला दिसत असेल, म्हणजे मुख्य पॉवर प्लेचा खेळाडू जायबंदी झालाय आणि भाव अजून हलला नाही असं काही, तर अंडर ५.५ घ्या. मला तरी तुमच्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही, मी हा सामना नुसता बघेन.